हळदीच्या घरातली जखम

बोक्याच्या हिरड्यांचा रंग सकाळ-संध्याकाळ तपासायचा आणि त्यात पिवळसर छटा दिसली तर वेळ न घालवता फोन करायचा, असे डॉक्टरांनी बजावले तेव्हा मी नकळत माझ्या बोटांकडे पाहिले. सांगलीच्या वखारभागात, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी सत्तावीस वर्षे संसार केलेल्या बाईची बोटे कशी असतात, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. नखांच्या कडा, पदराचे टोक, वखारीकडच्या दाराचा उंबरठा, इतकेच काय पण वखारीतल्या दिव्यावर बसलेली धूळसुद्धा आमच्याकडे पिवळीच असते. अशा घरात पिवळेपणा शोधायचा तरी कसा, असे मी विचारले, त्यावर डॉक्टर म्हणाले, "उन्हात बघा, वहिनी. आणि हात धुऊन बघा."

बोक्याचे नाव हळकुंड. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर वखारीच्या माळ्यावर, ओल्या बारदानाच्या ढिगात, मुठीएवढे नारिंगी पिलू थरथरत बसलेले सापडले. त्या वर्षी आमची बरीच हळद पाण्यात गेली होती आणि नव्याने हाती आलेली वस्तू एवढीच, म्हणून माझ्या यजमानांनी त्याला हे नाव दिले. सासूबाईंना ते फार लांब वाटले आणि त्यांनी त्याचे ‘हळ्या’ केले. तेव्हापासून वखार ही त्याची जहागीर आहे, आणि उंदरांच्या बाबतीत त्याने आपले इमान आजवर राखले आहे.

ही हकिकत यंदाच्या जूनमधली. पावसाला जोर चढण्यापूर्वी वखारीतली थप्पी हलवून, खाली लाकडी फळ्या टाकून पोती पुन्हा रचण्याचे काम आम्ही दरवर्षी करतो, आणि रिकामे बारदान झटकणे हा त्यातला सर्वांत कंटाळवाणा भाग माझ्याकडे असतो. रविवारी संध्याकाळी मी ते करत असताना हळकुंड बारदानाच्या ढिगामागे पंजा घालून काहीतरी ओढत होता. तो असा खेळतोच, त्यामुळे मी लक्ष दिले नाही. अचानक तो किंचाळला, मागे उडी मारून डावा पुढचा पाय हवेत झटकू लागला, आणि त्याच क्षणी तपकिरी रंगाचा, लांब सडपातळ पायांचा, पायांसकट रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा एक कोळी फळीवरून घसरत भिंतीच्या फटीत शिरलेला मी पाहिला. तो पुन्हा कोणालाही दिसला नाही. मात्र तो मी डोळ्यांनी पाहिला, या एका गोष्टीचे मोल पुढे फार मोठे ठरले.

पहिले दोन तास आम्ही काहीच केले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. कोळी चावून मांजराला काय होणार, असेच आम्हाला वाटत होते. रात्री नऊच्या सुमारास तो सासूबाईंच्या पलंगाखाली जाऊन बसला, बोलावल्यावर आला नाही, दुधाची वाटी पुढे सरकवली तर त्याने मान फिरवली. पलंग सरकवून पाहिले तेव्हा पंजा मनगटापर्यंत टम्म सुजला होता आणि हनुवटीखाली लाळेने केस ओले झाले होते.

मग मात्र घरात उपायांची झुंबड उडाली. शेजारच्या काकू चुना घेऊन आल्या. सासूबाईंनी हळद आणि तूप गरम करायला ठेवले. वरच्या बाजूला दोरी आवळून बांधा, म्हणजे विष चढणार नाही, असे एकाने सुचवले. ओळखीच्या एका औषधविक्रेत्याने फोनवर सांगितले की पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून दुधातून द्या, दुखणे थांबेल. गोळी घरात होतीच आणि मी ती खलबत्त्यात टाकलीही होती. तेवढ्यात विश्रामबागेतल्या ज्या पशुवैद्यांना मुलाने निरोप पाठवला होता त्यांचा उलट फोन आला, आणि पहिले वाक्य त्यांनी विचारले ते असे: "माणसाची कुठली गोळी दिलीत का?"

पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्यासाठी यकृतात जी रासायनिक यंत्रणा लागते ती मांजरात फारच दुबळी असते. औषधाचे घातक अंश रक्तात साचतात, तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, आणि पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी एका मांजराचा जीव घ्यायला पुरते. आपल्या मुलांना तापात आपण जी गोळी बिनधास्त देतो तिच्याविषयी हे ऐकताना माझ्या हातातला बत्ता तसाच राहिला. त्या रात्री कोळ्याच्या विषापेक्षा माझी माया त्याच्यासाठी अधिक धोक्याची होती. डॉक्टरांच्या बाकीच्या सूचना सगळ्या नकारार्थीच होत्या: दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ थेट लावू नका, काही चोपडू नका, खोक्यात घालून कमीत कमी हलवत घेऊन या. मिरजेच्या दवाखान्यांसाठी कर्नाटकातूनही माणसे आमच्या भागात येतात, पण रात्री साडेदहाला मांजरासाठी दार उघडणारा माणूस मिळणे हे भाग्यच म्हणावे लागेल.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी कोळ्याच्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच होते. सांगली जिल्ह्यात, जिथे बत्तीस शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिथे जूनच्या संध्याकाळी सुजलेला पाय घेऊन आलेल्या जनावराच्या बाबतीत पहिली शंका सापाचीच घ्यावी लागते. त्यातही घोणस असेल तर रक्ताची गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. त्यांनी मशिनने पंजावरचे केस काढले, भिंगातून सापाच्या दातांच्या दोन खुणा आहेत का ते पाहिले, मग थोडे रक्त काढून एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घातले आणि नळी टेबलावर उभी करून घड्याळ पाहिले. वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही; त्यानंतर ती तिरकी करायची, रक्त वाहिले तर घोणसेचा संशय बळावतो, गोठून राहिले तर तो बराचसा मिटतो. एवढी साधी चाचणी आणि तिला यंत्र काहीच लागत नाही. ती वीस मिनिटे मी भिंतीवरच्या जनावरांच्या लसीकरणाच्या तक्त्यावरचे प्रत्येक अक्षर वाचून काढले. रक्त गोठले होते. दुसऱ्या बोक्याशी मारामारी होऊन पू धरला असावा, ही शंकाही त्यांनी तपासून बाजूला ठेवली. "तुम्ही कोळी पाहिला नसता तर मी कोळी म्हटलं नसतं," असे ते म्हणाले. कोणतीही न समजणारी जखम कोळ्याच्या नावावर खपवण्याची सवय माणसांच्या डॉक्टरांतही आहे, हे त्यांनी हसत सांगितले.

ताप १०४ अंश फॅरनहाइट होता. मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ च्या दरम्यान असते, म्हणजे आपला ताप हा त्यांचा निरोगीपणा असतो. शिरेतून सलाईन, वेदना कमी करणारे इंजेक्शन आणि प्रतिजैविक एवढाच उपचार झाला. नागाच्या किंवा घोणसेच्या विषावर जशी लस टोचतात तशी कोळ्याच्या विषावर नाही का, असे यजमानांनी विचारले. ऑस्ट्रेलियात रेडबॅक नावाच्या कोळ्यावरचे प्रतिविष १९५६ पासून वापरात आहे, पण आपल्याकडच्या दवाखान्यात तसे काही ठेवलेले नसते, आणि सापाचे प्रतिविष इथे कामाचे नाही. शरीराला आधार द्यायचा आणि विषाचा अंमल उतरण्याची वाट पाहायची, एवढेच हाती राहते.

माझा मुलगा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असल्याने पुढचे चार दिवस आमच्या घरात कोळ्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदवलेल्या आहेत, जवळजवळ सर्वांना विष असते, आणि तरीही माणसाला किंवा मांजराला इजा करू शकतील अशा जाती मूठभरच. त्यांच्या विषाचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. ब्लॅक विडोच्या कुळातल्या कोळ्यांचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते, त्यामुळे पेटके, असह्य वेदना आणि लाळ, पुढे अंगातले बळ जाणे असे प्रकार होतात, आणि त्या विषापुढे मांजर कुत्र्यापेक्षा फार नाजूक ठरते. दुसरा मार्ग रिक्लूज म्हणजे एकांतात दडून राहणाऱ्या कोळ्यांचा. त्यांना इतर बहुतेक कोळ्यांसारखे आठ नव्हे, तर सहाच डोळे असतात, आणि त्यांच्या विषातले स्फिंगोमायलिनेज डी नावाचे विकर (एन्झाइम) पेशींचे आवरण फोडते, छोट्या रक्तवाहिन्या बंद पाडते, आणि मग त्या जागेची कातडी मरते. क्वचित हेच विष रक्तात पसरून तांबड्या पेशी फोडते, लघवी चहासारखी गडद होते, हिरड्या आधी फिकट आणि मग पिवळ्या होतात. डॉक्टरांनी हिरड्या पाहायला का सांगितले, ते मला तेव्हा कळले. आमच्या वखारीतला कोळी कोणत्या जातीचा होता ते कोणी सांगू शकत नाही, पण जखमेने जो रस्ता धरला तो दुसरा होता.

मंगळवारी पंजाच्या वरच्या बाजूला, मनगटाजवळ, जांभळट डाग दिसू लागला. भोवती पांढुरके कडे, त्याच्या बाहेर लाल कडे. गुरुवारी मधला भाग काळा झाला आणि शनिवारपर्यंत तिथे रुपयाएवढी, चामड्यासारखी कडक, कोरडी खपली तयार झाली. ती पाहून कोणाच्याही हाताला स्वस्थ बसवणार नाही. मेलेली कातडी काढून का टाकत नाही, असे मीही डॉक्टरांना विचारले. त्यावर त्यांनी सांगितले की विषाचा अंमल कुठपर्यंत गेला आहे याची सीमा स्पष्ट होईपर्यंत कापणे म्हणजे जिवंत भागावरही सुरी चालवणे आहे, आणि कापलेल्या जागी जखम पुन्हा फैलावते.

इथे हळदीचा प्रश्न आमच्या घरात खऱ्या अर्थाने पेटला. सासूबाईंच्या सासऱ्यांपासून चालत आलेला हा धंदा. मुलांचे गुडघे फुटले, कोयता लागला, दाढ काढली, तर हातात येते ती हळद. घरात पोत्यांनी राजापुरी हळद असताना दवाखान्यातून मलम विकत आणायचे, हे त्यांना अपमानास्पद वाटत होते आणि त्यांचे वाटणे मला समजत होते. यजमानांनी तर इतिहासच पुढे केला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले; तेव्हा सांगलीच्या बाजारात पेढे वाटल्याचे त्यांना आठवते. "अमेरिकेने मान्य केलेली गोष्ट आपण आपल्याच बोक्याला नाकारायची का?" असा त्यांचा सवाल होता.

डॉक्टरांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी सांगितले की ते पेटंट रद्द झाले ते हळद चमत्कार करते म्हणून नव्हे, तर त्यात नवे काही नव्हते म्हणून. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत आणि लेखांत तो वापर आधीच लिहिलेला असल्याचे पुरावे दिले गेले आणि त्यामुळे शोधाचा दावा टिकला नाही. आपले ज्ञान आपले आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. बारक्या खरचटण्यावर हळद लावायला त्यांची हरकत नव्हती. पण इथे कातडीखालचा थर मेलेला होता, त्यात कुटलेली पूड भरली की ती बाहेरचा कचरा म्हणूनच बसते, ओलाव्याने तिची ढेकळे होतात, खालचा पू दिसत नाही, आणि जखमेचा रंग, जो पाहून पुढचे सगळे ठरवायचे, तोच झाकला जातो. शिवाय अंगावर लावलेले जे काही असेल ते मांजर चाटणार. सासूबाईंनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दवाखान्याबाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "पूड चांगली दळलेली नसते, म्हणून ढेकळं होतात." व्यापाऱ्याच्या घरातली बाई शेवटपर्यंत मालाची बाजू सोडत नाही.

मला स्वतःला सर्वांत जड गेले ते त्याचे खाणे. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साचून यकृत बंद पडू लागते. म्हणजे ज्या उपासाला आपण पोटाला विश्रांती म्हणतो तो मांजराला मारक ठरू शकतो. आमच्या शाकाहारी घरात, सासूबाईंच्या संमतीने, मागच्या पडवीतल्या वेगळ्या शेगडीवर कोंबडीचे पाणी उकळले गेले, त्यात कांदा-लसूण घालायचा नाही ही ताकीद पाळली गेली, कारण कांद्यानेही मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कोमट करून, सुई काढलेल्या सिरिंजने, ओठाच्या कडेतून पाच-पाच मिलिलिटर पाजायचे. पहिल्या दिवशी अर्धे माझ्या साडीवर गेले. चौथ्या दिवशी त्याने सिरिंजचे टोक स्वतःहून चाटले, तेव्हा यजमान वखारीतून सौद्याचे बोलणे अर्धवट सोडून ते पाहायला आले. सव्वाचार किलोचा बोका तोवर साडेतीन किलोंवर आला होता.

रोज सकाळी साडेसातला, गच्चीवर कोवळ्या उन्हात, साबणाने दोनदा धुतलेल्या हातांनी मी त्याचा ओठ वर करत असे. हिरडी बोटाने दाबायची, पांढरी झालेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचे. दोन सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. एकदा हिरडीवर स्पष्ट पिवळा ठिपका दिसला आणि माझे पाय लटपटले. तो माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. त्यानंतर ही तपासणी मुलाकडे सोपवण्यात आली. घमेल्यातली माती काढून त्याऐवजी पांढऱ्या कागदाचे तुकडे टाकले, म्हणजे लघवीचा रंग कळेल. आठव्या दिवसापर्यंत तो नेहमीसारखाच राहिला आणि डॉक्टरांनी ती काळजी संपल्याचे सांगितले.

चाटणे थांबवणे हा वेगळाच अध्याय होता. मांजराची जीभ म्हणजे कानशीच. नव्याने येणारा मऊ थर ती एका रात्रीत खरवडून काढते. विकत आणलेली प्लास्टिकची कॉलर त्याने दोन तासांत फोडली, तेव्हा यजमानांच्या कमरेच्या जुन्या एक्स-रे फिल्मपासून मुलाने फनेलच्या आकाराची कॉलर कापून दिली, आणि पुढचे पाच आठवडे आमच्या घरात एक बोका गळ्याभोवती यजमानांचे मणके घेऊन हिंडत होता. पहिले दोन दिवस तो फक्त मागे-मागे चालला. फरशी फिनाईलने पुसणे आम्ही बंद केले, कारण पॅरासिटामॉलसारखेच फिनाईल आणि डेटॉलमधले घटकही मांजराच्या यकृताला झेपत नाहीत आणि ओल्या फरशीवरून चालून तो पंजे चाटणारच. जखम केवळ सलाईनने धुवायची, न चिकटणारी जाळी, वर हलकी पट्टी, एक दिवसाआड बदल. घट्ट बांधली तर बोटे सुजतात, सैल बांधली तर पहाटेपर्यंत ती पलंगाखाली सापडते.

तेराव्या दिवशी खपलीची एक कड सुटली आणि पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी चिमट्याने ती अलगद उचलली. खाली पू नव्हता. ओलसर, लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यांसारखा बारीक उंचवट्यांचा थर होता. मांजरात हा थर कुत्र्यापेक्षा उशिरा येतो, म्हणून त्याला घाई करायची नाही, असे ते पहिल्यापासून सांगत होते. त्यानंतर बघण्यासारखे काही घडले नाही, आणि तेच हवे होते. कडेची कातडी रोज दिसणार नाही इतक्या गतीने आत सरकत राहिली. मुलगा दर रविवारी पट्टीशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढत असे. ती एकापुढे एक ठेवली तरच फरक कळतो.

दरम्यान यजमानांनी वखारीत औषध फवारण्याची तयारी केली होती. डबा आणून ठेवला होता. त्यावरचे घटक वाचल्यावर परमेथ्रिन दिसले, आणि ते मांजराच्या मज्जासंस्थेला कोळ्याइतकेच वाईट असल्याचे कळल्यावर डबा परत गेला. शिवाय हळदीच्या कांड्यांत शिरून त्यांचा भुसा करणाऱ्या किड्यांचा आम्हाला किती जाच असतो ते व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, आणि असले किडे वखारीत मोफत खाऊन टाकणारा कोळ्यांसारखा दुसरा कोणी नाही. कोळ्यांना हुसकावून आम्ही कोणाचे भले करणार होतो? त्याऐवजी थप्पी भिंतीपासून हातभर लांब घेतली, फटी सिमेंटने बुजवल्या, आणि जुने बारदान ढीग न घालता दोरीवर टांगायला सुरुवात केली. बारदान झटकताना मी आता हातमोजे घालते.

सहा आठवड्यांनी जखम मिटली. मनगटाजवळ बोटभर लांबीची, गुलाबी, केस नसलेली जागा राहिली आहे आणि जिना उतरताना तो डावा पाय किंचित उशिरा टेकतो. डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली, एक्स-रेची कॉलर सोडवली आणि आता त्याला मोकळे सोडायला हरकत नाही असे सांगितले. घरी आल्या आल्या तो कोणाकडेही न पाहता वखारीत गेला आणि रात्रीपर्यंत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सासूबाईंच्या पायाशी पाय पसरून झोपला होता आणि माझी नजर त्या व्रणावर गेली. गुलाबी कातडी गडद पिवळी झाली होती. मी धावत जाऊन पंजा उचलला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मुलाला हाक मारली. सासूबाईंनी चष्मा लावून पंजा निरखला, अंगठ्याने व्रण चोळला, अंगठा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "राजापुरी आहे. लागली शेवटी हळद."